मोसमाचा पहिला चिरूट

माझ्या मुलाला, सयाजीला, पाहुण्यांपुढं बसायची रीत नाही. साठी उलटली, माझ्या नातवाच्या सोयरिकीची बोलणी घरात आली, तरी नाही. परवा पुण्याहून मुलीकडचे आले होते. जेवणं झाली, पानं झाली. आता दोन्ही घरांनी चार गोड शब्द बोलून उठायचं, तर हे महाशय कपाटाकडं गेले आणि शिसवी पेटी काढून बसले.

"चिरूट घेणार का?" त्यानं मुलीच्या बापाला विचारलं.

मुलीचा बाप भला माणूस. बँकेत होता म्हणे. "मी कधी ओढला नाही," तो म्हणाला, "पण तुमच्या घरचा आहे, तर आज घेतो. लायटर मागवू का कुणाकडून?"

"लायटरनं चुली पेटवतात, पाहुणे," सयाजी म्हणाला.

मग त्यानं अडकित्त्यानं चिरुटाचं टोक खुडलं. काडी ओढून गंधक जळू दिलं. त्या काडीवर तागाची काडी पेटवली. चिरूट तिरका धरून जाळाच्या वर, जाळाला न लावता, फिरवत राहिला. सगळे गप्प बसून बघत होते, आणि त्याला तेच पाहिजे होतं. मुलीच्या बापाला वाटलं, आपल्यासाठीच चाललंय. त्यानं हात पुढं केला. सयाजीनं चिरूट स्वतःच्या तोंडात घातला, दोन झुरके घेतले, आणि मग कुठं पेटी त्याच्याकडं सरकवली. त्या माणसानं पुढं केलेला हात गुडघ्यावर ठेवला.

"ही तर कलाच म्हणायची," तो बिचारा तरीही म्हणाला. "कुठं शिकलात?"

"आमच्या अण्णांनी शिकवलं," सयाजी म्हणाला. "माझा हात हातात धरून. काय गं आई?"

माझ्या तोंडात पान होतं. भरल्या तोंडानं मी कुणाला उत्तर देत नाही. मी चावत राहिले.

सयाजी कोल्हापूरला कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं वेदगंगेच्या काठाला ऊस यायच्या आधी सगळी तंबाखू. सासऱ्यांनी गावात वखार बांधली आणि वखारीला एक रीत घालून दिली. मोसम उघडायच्या दिवशी नव्या पानाचा एकच चिरूट वळायचा. शेतकरी खाली गोणपाटावर बसणार, आमचा माणूस गादीवर. त्यानं चिरूट ओढायचा, राख बघायची, धूर जिभेवर घोळवायचा आणि मोसमाचा भाव बोलायचा. राख पांढरी आणि घट्ट, तर पान चांगलं. काळी आणि भुसभुशीत, तर पान हलकं. चिरूट ओढणारा जो भाव बोलला तो मोसमभर चालायचा, शेतकऱ्यालाही आणि वखारीलाही. ओढणारा तोच धनी. कागद नाही, सही नाही.

म्हणून पेटवण्याला एवढं महत्त्व. चिरूट वाकडा पेटला, एका अंगानं जळत गेला, तर राख खोटं बोलते. चांगल्या पानाचा चिरूट वाईट ठरतो आणि वाईटाचा चांगला. सासऱ्यांच्या मागं आमचे हे गादीवर बसले. श्रीपतराव. गावात सगळे त्यांना मालक म्हणत, घरात मुलं अण्णा. ह्यांनी पेटवलेला चिरूट शेवटपर्यंत सरळ जायचा. आंघोळ करावी, देवाला फूल घालावं, तसे शांतपणे पेटवायचे. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक, आणि मी समोर भाकऱ्या थापत बसलेली.

मग ह्यांचे हात कापायला लागले.

आधी कपबशीत कळलं. बशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं. मग एक संध्याकाळ अशी आली, की तागाची काडी जाळासकट नाचायला लागली आणि चिरूट एका बाजूनं काळाठिक्कर पडला. ह्यांनी तो विझवून ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पेटी उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि म्हटलं, "द्या इकडं."

"काय?"

"चिरूट. आणि काडी."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं समोर बसून मी काय नुसतं तुमचं तोंड बघत होते?"

मी पेटवला. पहिल्यांदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण चिरूट सरळ पेटला. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं केला. त्यांनी शालीतनं दोन्ही हात बाहेर काढले, माझे हात धरूनच घेतला आणि छातीशी टेकवून ओढत बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "पेटवलायस चांगला."

ह्या माणसानं मला आयुष्यात दोन लुगडी त्यांच्या पसंतीनं आणली, दोन्ही मला आवडली नाहीत. पण ते वाक्य मी जपून ठेवलंय.

तेव्हापासून रोज दार लावायचं, पेटवायचं, द्यायचं आणि मग तोंडात लवंग धरायची. लवंगेनं काय होतंय? माझ्या जावेनं वास ओळखला. धाकट्या दिराची, हिंदुरावांची बायको ती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांत तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, "थोरल्या वैनी, तुमच्या पदराला चिरुटाचा वास येतोय."

मी म्हटलं, "ओढते मी. तुला पाहिजे?"

गावभर झालं. थोरलीचं तोंड आधीच तिखट, आता धूरही निघतो म्हणून बायका हसल्या. हसू दे म्हटलं. माझं नाव गेलं तर चार बायकांत गेलं. ह्यांचे हात कापतात हे बाहेर गेलं असतं तर गादी गेली असती. गादी गेली असती तर हा माणूस घरात बसून कपबशी वाजवत मेला असता. ह्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं. नाक शाबूत, जीभ शाबूत, पान नुसतं बोटांत चुरलं तरी कुठल्या शिवारातलं ते सांगायचे. पण हातांनीच दगा दिला तर नाकाला कोण विचारतो?

मोसम जवळ आला. एक दिवस दुपारचे हिंदुराव आले. हे सोप्यात बसलेले, अंगावर शाल, हात शालीत.

"दादा, उन्हं तापायला लागली आणि शाल?" हिंदुराव म्हणाले.

"बरं वाटतं."

"यंदाचा पहिला चिरूट कोण पेटवणार?"

"दरसाल कोण पेटवतं?"

"दरसालचं निराळं. लोक बोलतात, म्हणून विचारलं. गेल्या बाजारात तुम्ही पानाला हातसुद्धा लावला नाही म्हणतात."

मी चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आले होते.

हिंदुराव म्हणाले, "काय लपवायचं दादा, मी काय परका? आपल्या वडिलांची नजर गेली तेव्हा तुम्ही चिरूट जागा करून त्यांच्या हातात द्यायचा. ती रीत आहेच. तुम्हाला होत नसेल तर मी जागा करतो. फक्त यंदा एवढंच, जो जागा करील त्यानंच ओढायचा. लोकांनाही कळायला पाहिजे धनी कोण ते."

चिरूट पेटवून दुसऱ्याला द्यायचा त्याला आमच्यात जागा करणं म्हणतात. घरातल्या माणसानं जागा करून गादीवरच्याला दिला, तर गादी गादीवरच्याचीच राहते. हिंदुरावांना जागा करायचा होता, द्यायचा नव्हता.

मी चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवली. "जागा करायला सयाजी आहे की, भावजी. तुमचे दादा वडिलांना द्यायचे, सयाजी बापाला देईल."

"सयाजी?" हिंदुराव हसले. "त्याला सिगारेट धड ओढता येत नाही, वैनी. माझ्या जीपमध्ये ओढली त्यानं, खोकून खोकून बेजार."

"शिकेल."

"शिकवणार कोण? दादांचे हात तर…"

"कोण शिकवणार ते आमचं आम्ही बघू. तुम्ही चहा घ्या, निवतोय."

ते गेल्यावर ह्यांनी शालीतनं हात काढले आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मी नाही शिकवणार. पोरापुढं हे हात काढणार नाही मी."

"काढू नका. मी शिकवते."

सयाजीला कोल्हापुराहून बोलावून घेतलं. देखणा पोरगा, उंच, केस मागं वळवलेले, बापाचं नाक आणि माझी जीभ. परसात गोठ्याच्या सावलीला बसवला आणि सगळं सांगितलं. बापाचे हात, काकाचं बोलणं, सगळं. तो हादरला. डोळे भरले त्याचे, खोटं कशाला बोलू.

"अण्णा मला का बोलले नाहीत?"

"तू त्यांचा पोरगा आहेस म्हणून. आता रडू नकोस, अडकित्ता घे."

पहिल्या दिवशी त्यानं टोक असं कापलं, की पान उलगडून त्याच्या मांडीवर पडलं.

"सुपारी नाही ती," मी म्हटलं. "नख काढतात तेवढंच. जास्त कापलं तर पान सुटणार, कमी कापलं तर धूर अडणार."

"तुला हे सगळं कुठनं आलं?"

"तुझ्या कॉलेजातनं. काडी ओढ. थांब, लगेच लावू नकोस. आधी गंधक जळू दे. तो वास एकदा पानात शिरला की शेवटपर्यंत निघत नाही. आता त्याच्यावर तागाची काडी पेटव. तागाच्या जाळाला वास नसतो. कंदिलावर नाही, समईवर नाही, चुलीतल्या लाकडावर तर नाहीच."

त्यानं चिरूट सरळ जाळात घातला. फडफड करून पेटला.

"होळी आहे का ती?"

"पेटायला नको?"

"भाकरीचा काठ कसा शेकतोस?"

"मी कधी भाकरी शेकलीय, आई?"

"म्हणूनच ही गत. बघ. जाळाच्या वर धरायचा, जाळाला टेकवायचा नाही. ऊब लागली पाहिजे, जाळाची जीभ नाही. आणि अंगठ्यानं फिरवत राहायचा. सगळा काठ राखाडी झाला, की मग तोंडात. हळू ओढायचा, छातीत घ्यायचा नाही, आणि ओढतानाही फिरवायचा. आता काढ तोंडातनं. उलटा कर. फुंकर घाल, कान फुंकतात तेवढी. काय दिसतं?"

"लाल."

"सगळीकडं?"

"इथं काळं आहे थोडं."

"तिथं पुन्हा ऊब दे. आणि घाई करू नकोस. चिरूट झोपेतनं उठतो तसा उठला पाहिजे, लाथ मारून नाही."

तो हसला. त्याचं हसू तेव्हा छान होतं. रोज दुपारी बसायचो आम्ही. कॉलेजातल्या गमती सांगायचा, मास्तरांच्या नकला करायचा, आणि हात शिकत जायचे. मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई, मला वाटायचं, आपल्याकडनं ह्याला काय मिळायचं? पण हे मिळालं. थोड्याच दिवसांत चिरूट त्याच्या हातात असा सरळ जायला लागला, की मला ह्यांचा हात आठवायचा.

एकच होतं. चिरूट जागा झाला, की मी म्हणायचे, "आता दोन्ही हातांनी द्यायचा. मी अण्णा आहे असं समज. दे." आणि मी हात पुढं करायचे. तो म्हणायचा, "ते काय शिकायचं त्यात? द्यायचं एवढंच ना?" आणि ताटलीत ठेवून द्यायचा. उन्हं कलायला लागायची, मला चुलीकडं जायचं असायचं. मी उठायचे.

मधे एक-दोन संध्याकाळी हिंदुरावांची जीप त्याला न्यायला आली. मी विचारलं, "कुठं चाललास?"

"काका म्हणाले, जरा शिवारं बघून येऊ."

"काकाला आत्ताच कसं पुतण्याचं प्रेम आलं?"

"तू ना आई, सगळ्यांच्या तोंडात विषच बघतेस," तो म्हणाला, आणि जीपमध्ये पुढं, काकाच्या शेजारी जाऊन बसला.

मोसम उघडायच्या दिवशी मी ह्यांना स्वतः कपडे घातले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर शाल. बटणं लावताना म्हटलं, "सयाजीनं काल पेटवलेला बघितला असता तर तुम्हीही मान हलवली असती."

"तुझ्यासारखा पेटवतो?"

"माझ्यापेक्षा चांगला."

"मग झालं," हे म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा एवढा मोकळा मी बघितला नव्हता.

वखारीत बायकांनी बसायची रीत नव्हती. आतल्या खोलीच्या दाराला बांबूची चीक होती, तिच्यामागं मी उभी. समोर गादी दिसत होती. गादीवर हे, डाव्या हाताला हिंदुराव, उजव्या हाताला सयाजी. खाली गोणपाटावर सगळं शिवार बसलेलं. पुढं मलगोंडा होता, म्हातारा. ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासून माल घालणारा. त्या वर्षी पान फार चांगलं आलं होतं. थंडी वेळेवर पडलेली, दव बेतानं. ह्यांनी घरात पान हुंगूनच सांगितलं होतं, की असं पान पुन्हा लवकर बघायला मिळायचं नाही. शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होतं. त्या वर्षी भावावर पोरींची लग्नं निघायची होती.

नव्या पानाचा चिरूट परातीत आला. हे म्हणाले, "यंदा आमचा सयाजी जागा करील."

लोकांनी माना हलवल्या. मलगोंडा म्हणाला, "बरं झालं. थोरल्या मालकांचा नातू हाताखाली आला."

सयाजीनं अडकित्ता उचलला. नखाएवढं टोक. काडी ओढली, थांबला, गंधक जळू दिलं. तागाची काडी पेटवली. चिरूट जाळाच्या वर तिरका धरला आणि अंगठा फिरायला लागला. चिकेमागं माझाही अंगठा फिरत होता. काठ राखाडी झाला, सगळीकडनं सारखा. मग तोंडात, हळू, फिरवत. काढला, उलटा केला, फुंकर घातली. लाल. सगळीकडं लाल. एवढ्या लांबनं मला दिसलं. खाली कुणीतरी "वा" म्हणालं. जावेनं माझ्या पदराचा वास काढला होता, त्या सगळ्याचं त्या एका लाल वर्तुळात मला फळ मिळालं.

ह्यांनी शालीतनं हात काढले.

दोन्ही. चिरूट घ्यायचा म्हणून, ओंजळ करून पुढं केले. इतके महिने ज्यांनी पोटच्या पोरालासुद्धा ते हात दाखवले नाहीत, त्यांनी भरल्या वखारीत ते काढले. कारण आता क्षणात चिरूट त्यांच्यात येणार होता, आणि चिरूट हातात आला की ते छातीशी टेकवणार होते. तेवढा एक क्षण लोकांनी बघितला तरी चालेल, असा त्यांनी हिशेब केला असेल. हात कापत होते. वाऱ्यात केळीचं पान फडफडतं तसे. सगळ्या शिवारानं बघितलं.

सयाजीनं चिरूट पुन्हा तोंडात घातला.

मला वाटलं, जाळ बसला नसेल, एक झुरका जास्त लागला असेल. त्यानं तो झुरका घेतला. मग आणखी एक. हिंदुराव त्याच्याकडं वळून बसले. ह्यांचे हात तसेच पुढं, ओंजळ रिकामी, कापत. सयाजी त्यांच्याकडं बघत नव्हता. तो चिरुटाच्या टोकाकडं बघत होता. राख धरली होती, बोटाच्या पेराएवढी, पांढरीशुभ्र, रांगोळीसारखी.

"राख काळी आहे," सयाजी म्हणाला. "पान हलकं आहे यंदा."

आणि तो भाव बोलला. आदल्या वर्षीपेक्षा कमी. आवाज त्याचा होता, आकडा हिंदुरावांचा.

मग मलगोंडा गुडघ्यावर हात टेकून उठला. "मालक," तो ह्यांना म्हणाला, "तुम्ही घ्या की एक झुरका. तुम्ही सांगा पान कसं हाय ते. तुम्ही म्हणाल त्ये आमाला मान्य."

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. सयाजीसुद्धा. पहिल्यांदाच. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, हातातल्या राखेसारखा. एक शब्द पुरे होता. राख पांढरी आहे, एवढं ह्यांनी म्हटलं असतं, तर पोरगा त्याच दिवशी, त्याच गादीवर, सगळ्या शिवारापुढं खोटा पडला असता. मग पुन्हा आयुष्यात त्याच्या शब्दावर कुणी बिडीचं पान विकलं नसतं.

ह्यांनी हात परत शालीत घातले. सावकाश, एक एक करून.

"पेटवलाय चांगला," हे म्हणाले.

तेवढंच. मग उठले. मी चीक बाजूला सारून भर वखारीत बाहेर आले, रीत नसताना, आणि ह्यांचा दंड धरला. आम्ही दोघं मधनं चालत गेलो. शेतकऱ्यांनी पाय आखडून वाट दिली. कुणी वर बघितलं नाही.

संध्याकाळी सयाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, कुणीतरी बसायलाच पाहिजे होतं. अण्णांचं आणखी किती दिवस? काका म्हणाले, आज नाही बसलास तर उद्या मी बसतो. मग आपल्या हातात काय राहिलं असतं?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण हे आतनं म्हणाले, "त्याला काही बोलू नको." आणि मग, "मी आहे तोवर नको." मी तवा उतरवला आणि त्याच्यापुढं ताट वाढलं. तो जेवला. भाकरी मागून घेतली.

ह्यांनी त्यानंतर तंबाखूला हात लावला नाही. मी पहिल्या संध्याकाळी दार लावून पेटी काढली, तर म्हणाले, "राहू दे. आता कशाला?" नंतरची वर्षं ते सोप्यात बसून असायचे. बशी वाजायची. मलगोंडानं दुसऱ्या वखारीला माल घालायला सुरुवात केली, पण बाजाराच्या दिवशी येऊन ह्यांच्याजवळ बसायचा. ह्यांना नेलं त्या दिवशी खांदा द्यायला सयाजी होता. लोकांनी वाखाणलं, पोरगा बापाचं नीट करतोय म्हणून.

पुढं हिंदुरावांनाही त्यानं वखारीतनं काढलं. कसं काढलं ते जाऊ दे. मग कारखाना झाला, बंगला झाला, ही शिसवी पेटी झाली. मी त्याच्याच घरात राहते, त्याच्याच अन्नावर. सून भली आहे. ह्यांनी सांगितलं होतं मी आहे तोवर नको, आणि ते गेल्यावरही मी जिभेला आवर घातला. गेलेल्या माणसाची ती एकच मागणी होती. पोरगा गादीवर बसला, बसू दे. खोटा भाव बोलला, तो त्याच्यापाशी. पण परवा त्या परक्या माणसांपुढं त्यानं सांगितलं, अण्णांनी शिकवलं. माझा हात हातात धरून. कापणारे जे हात ह्यांनी याच्यापासनं लपवले, आणि यानं जे भर वखारीत रिकामे ठेवले, त्याच हातांत यानं आपला हात घालून घेतला.

पान संपलं. मी पिकदाणी ओढली, तोंड मोकळं केलं, पदरानं पुसलं.

"काय आई, खरं की नाही?" सयाजीनं पुन्हा विचारलं. चिरूट त्याच्या बोटांत सरळ जळत होता. मुलीच्या बापाच्या हातात पेटीतला कोरा चिरूट तसाच होता. कसा धरायचा ते न कळून तो पेन धरतात तसा धरून बसला होता.

"ह्यांनी तुला काही शिकवलं नाही, सयाजी," मी म्हटलं. "मी शिकवलं, परसात, गोठ्याच्या सावलीला. आणि तू अर्धंच शिकलास. पेटवायला शिकलास, द्यायला शिकला नाहीस."